व्यवसायातील संकटे आणि व्यक्तिगत जबाबदारी : यवतमाळ जिल्ह्यातील कृषिजीवनाच्या संदर्भात

प्रस्तावना

माणूस आपला व्यवसाय निवडू शकतो. त्या व्यवसायावर येणारी संकटे निवडण्याची मुभा मात्र त्याला नसते. पीक बुडाले, भाव कोसळला किंवा रोजगार गेला की कारणांचा शोध सुरू होतो. कधी सारा दोष पावसावर आणि शासनावर टाकला जातो, तर कधी तो संपूर्णपणे स्वतःच्या माथी घेतला जातो. प्रस्तुत लेखात या दोन टोकांच्या मधली व्यक्तिगत जबाबदारीची संकल्पना यवतमाळ जिल्ह्यातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना

'दोष' आणि 'जबाबदारी' हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जात असले तरी त्यांच्यात मूलभूत भेद आहे. दोष हा घडून गेलेल्या गोष्टीचा असतो. जबाबदारी ही पुढे काय करावयाचे याची असते. एखादे संकट स्वतःच्या चुकीमुळे आलेले नसले तरी त्यातून मार्ग काढण्याचा काही भाग स्वतःच्या हाती असतो. तो भाग नेमका ओळखणे आणि तेवढ्यापुरती कृती करणे म्हणजे व्यक्तिगत जबाबदारी होय.

पार्श्वभूमी

यवतमाळ हा प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा आणि कपाशीचा जिल्हा. 1972 साली राज्यात सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेमुळे शेतकऱ्यास भावाची काही हमी होती. या शतकाच्या प्रारंभी ती व्यवस्था मोडकळीस आली. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि बियाण्यासाठी शेतकरी बाजारावर अधिकच अवलंबून झाला. आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 2006 मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यांत यवतमाळचा समावेश होता. पाऊस, भाव आणि धोरण या तिन्ही गोष्टी एकट्या शेतकऱ्याच्या नियंत्रणाबाहेरच्या आहेत, हे येथे प्रथम मान्य करावे लागते.

पद्धती बदलण्याची जबाबदारी

याच जिल्ह्यातील शेतकरी सुभाष शर्मा यांनी 1975 च्या सुमारास रासायनिक पद्धतीने शेती सुरू केली. आरंभी उत्पादन वाढले. पुढे खर्च वाढत गेला आणि उत्पादन घटू लागले. अशा वेळी खताची मात्रा वाढवणे हा सर्वपरिचित मार्ग होता. शर्मा यांनी आपल्या पद्धतीचीच तपासणी केली आणि 1994 च्या सुमारास रसायने सोडून नैसर्गिक शेतीचा अवलंब केला. गोधन, झाडे, पक्षी आणि हिरवळीचे खत यांच्या साहाय्याने जमिनीचा कस सुधारणे, तसेच पावसाचे पाणी शेतातच मुरविणे, ही त्यांच्या पद्धतीची मुख्य अंगे होत. शेतातील मजुरांना बोनस देण्याची प्रथाही त्यांनी ठेवली. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

बाजारातील भाव ठरविणे शर्मा यांच्या हाती नव्हते. उत्पादनखर्च कमी करणे आणि जमीन सुधारणे हे मात्र होते. जबाबदारीची सीमा त्यांनी नेमकी येथे आखली, हे या उदाहरणाचे महत्त्व आहे.

भूमिका बदलण्याची जबाबदारी

कळंब तालुक्यातील राजूर येथील वैशाली येडे यांचे उदाहरण वेगळ्या स्वरूपाचे आहे. 2011 मध्ये त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली. त्या संकटात त्यांचा दोष नव्हता. संसार मात्र त्यांनाच चालवावयाचा होता. अंगणवाडीतील काम आणि शिवणकाम करून त्यांनी तो सावरला. शेतकरी विधवांच्या जीवनावरील 'तेरवं' या नाटकात त्यांनी भूमिकाही केली. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या 92 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. आपले दुःख खासगी न ठेवता ते समाजासमोर मांडणे, हाही जबाबदारीचाच एक प्रकार ठरतो.

मर्यादा

या विचाराचा दुरुपयोगही संभवतो. 2017 मध्ये जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. फवारणी करणाऱ्यांनी हातमोजे व मुखपट्टी वापरली नाही, असे म्हणून हा विषय संपविता येत नाही. विषारी औषधांची विक्री, त्यांवरील देखरेख, सुरक्षा साधनांची उपलब्धता आणि वेळेवर उपचार या जबाबदाऱ्या मजुराच्या नव्हेत. दुर्बलावर व्यवस्थेचे ओझे टाकणे यास जबाबदारीची शिकवण म्हणता येणार नाही. शिवाय कर्जाच्या भाराखाली दबलेला माणूस सर्व अपयश स्वतःचेच मानू लागला, तर ती भावना जिवावर बेतू शकते. अशा वेळी कुटुंबाजवळ, शेजाऱ्याजवळ किंवा डॉक्टरांजवळ मन मोकळे करून मदत मागणे हेदेखील जबाबदारीचेच लक्षण होय.

निष्कर्ष

व्यवसायातील संकटाच्या वेळी तीन प्रश्न उपयुक्त ठरतात : यातील आपल्या हाती काय आहे, इतरांकडून हक्काने काय मागावयाचे आहे, आणि कोणती सवय आता सोडावयाची आहे? पहिल्या प्रश्नातून कृती, दुसऱ्यातून संघटित मागणी आणि तिसऱ्यातून परिवर्तन संभवते. यांपैकी केवळ पहिलाच प्रश्न विचारणारा माणूस खचतो, तर केवळ दुसराच विचारणारा वाट पाहत राहतो. तिन्ही प्रश्न एकत्र विचारले जातील, तेव्हाच व्यक्तिगत जबाबदारी हे ओझे न राहता सामर्थ्य ठरेल.