सरकारी भिंतीवर कोणाची तसबीर?

कलेक्टर कचेरी सगळ्यांच्या करातून चालते. म्हणून तिथे एका धर्माच्या सणाची आरास असू नये. अनुच्छेद २७ नुसार विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर द्यायला कोणालाही भाग पाडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने धर्मनिरपेक्षता घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग मानली. तरी व्यवहार डळमळीतच आहे. जानेवारी २०१७ मध्ये महाराष्ट्रात शासकीय कार्यालयांतील देवादिकांच्या तसबिरी काढण्याचे परिपत्रक निघाले आणि शिवसेनेच्या विरोधानंतर मागे घेतले गेले.

अमरावती-अकोल्यात लगेच विचारले जाईल, मग गाडगेबाबांची तसबीरही उतरवायची का? मुळीच नाही. शेंडगावात जन्मलेले, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात वाढलेले बाबा शासनाच्या जयंती-यादीत आहेत ते खराटा, धर्मशाळा आणि शिक्षणाच्या आग्रहासाठी. त्यांना हार घालताना कोणाला श्रद्धा बदलावी लागत नाही. मूर्तीची प्रतिष्ठापना आणि आरती मात्र उपासनाच असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ही तर संस्कृती, यात कोणाचे काय बिघडते? २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने न्यायालयाच्या इमारतीच्या भूमिपूजनाविरुद्धची याचिका फेटाळून याचिकाकर्त्यालाच २०,००० रुपयांचा खर्च लावला. हा निकाल मला पटत नाही. सातबारा किंवा दाखल्यासाठी आलेल्या माणसाला दुसऱ्या कचेरीत जाण्याची मुभा नसते. कर्मचाऱ्यांनी सण घरी, मंडळात, मोकळ्या मैदानात परवानगी काढून जरूर साजरा करावा. अर्ज घेणारी खिडकी त्यातून वगळावी.