आयटीआय, पदविका की बारावी : पदवीला कोण कुठून पोहोचतो?

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. प्रवेशाच्या बातमीत 'व्यावसायिक अभ्यासक्रम' असे छापून येते, तेव्हा अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, विधी अशा पदव्या अभिप्रेत असतात. आयटीआयचा कारभार पाहणाऱ्या खात्याचे नाव मात्र 'व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय' आहे. इथे 'व्यवसाय' म्हणजे हाताचे कौशल्य: फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर. शब्द सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांची घरे वेगळी. या लेखात 'व्यवसाय शिक्षण' म्हणजे हे दुसरे.

व्यवसाय शिक्षण घेतलेल्या मुलाला किंवा मुलीला पुढे पदवी घेता येते का, असे आपण विचाराल. येते. मात्र कोणत्या कागदावर कोणत्या वर्गात बसता येते, हे प्रत्येक पदवीचे वेगळे असते. म्हणून महाराष्ट्रातली वाट एकेक पायरी करून पाहू.

पहिली पायरी : शेवटाकडून मागे या. आपण सहसा 'दहावीनंतर काय' असे विचारतो. त्याऐवजी 'कोणती पदवी हवी' हे आधी विचारा आणि तिच्या माहितीपुस्तिकेतला 'पात्रता' हा परिच्छेद वाचा. पात्रता म्हणजे अर्ज करण्यापुरती किमान अट. ती पुरी झाली म्हणजे जागा मिळाली असे नाही. एमबीबीएससाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते, वर 'नीट' द्यावी लागते. तिथे फिटरचे प्रमाणपत्र किंवा अभियांत्रिकीची पदविका कामाची नाही. उलट बीएला कोणत्याही शाखेची बारावी चालते. अभियांत्रिकीचे मात्र एकाहून जास्त रस्ते आहेत, म्हणून पुढे तेच उदाहरण घेऊ.

दुसरी पायरी : वर्षे मोजा. दहावीनंतर विज्ञान शाखेची दोन वर्षे आणि पदवीची चार, एकूण सहा. दहावीनंतर पदविका, म्हणजे ज्याला आपण डिप्लोमा म्हणतो, तिची तीन वर्षे. मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश आणि तिथली तीन. पुन्हा सहाच. आयटीआयची दोन वर्षे, पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षापासून दोन आणि पदवीची तीन, एकूण सात. 'आयटीआयला गेला म्हणजे मागे पडला' असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. फरक एका वर्षाचा आहे, आणि त्या मुलाकडे वाटेत दोन ठिकाणी नोकरी मागता येईल असा कागद असतो.

तिसरी पायरी : आयटीआयमधून पुढे. इथली पहिली चूक ट्रेड निवडतानाच होते. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर किंवा संगणकाचा 'कोपा' एक वर्षाचा. पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी दहावीनंतरचा दोन वर्षांचा आणि त्या शाखेशी जुळणारा ट्रेड लागतो. एक वर्षाचा ट्रेड केलेल्याला दहावीच्या गुणांवर पदविकेच्या पहिल्या वर्षात जावे लागते. हे प्रवेशाच्या दिवशी कोणी सांगत नाही, ट्रेड संपल्यावर कळते.

आयटीआय झालेल्यांना राज्य मंडळाची आणखी एक सोय आहे: 'ट्रान्सफर ऑफ क्रेडिट', म्हणजे आयटीआयत मिळवलेल्या गुणांचे श्रेय मंडळाच्या परीक्षेत जोडून घेणे. भाषा विषयांची परीक्षा मंडळाकडे द्यायची, ट्रेडचे श्रेय जोडले जाते आणि मंडळाचे प्रमाणपत्र हाती येते. बारावी मागणाऱ्या बीएसारख्या पदवीला किंवा नोकरीच्या अर्जाला हा मार्ग उपयोगी पडतो. पण या बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित नसते. त्यामुळे तिच्यावर अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला अर्ज करता येईल, अशा समजुतीत राहू नका.

चौथी पायरी : बारावीतलेच व्यवसाय शिक्षण. हे दोन प्रकारचे असते आणि दोन्हींची गल्लत होते. एक म्हणजे ज्याला लोक अजून 'एमसीव्हीसी' म्हणतात, तो पूर्ण व्यवसाय अभ्यासक्रम. प्रमाणपत्र बारावीचेच मिळते. बीए, बीकॉमसारख्या पदव्या आणि आपल्या गटाशी जुळणाऱ्या पदविकेचे थेट दुसरे वर्ष यांचा विचार त्यावर करता येतो. विज्ञान शाखेचे भौतिक, रसायन, गणित हे नेहमीचे विषय मात्र त्यात नसतात.

दुसरा प्रकार 'द्विलक्षी'. यात विज्ञान शाखेचा विद्यार्थी दुसरी भाषा आणि एक विज्ञान विषय सोडतो आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्रासारखा २०० गुणांचा एक विषय घेतो. भौतिक, रसायन, गणित कायम राहते, म्हणून अभियांत्रिकीला अडचण येत नाही. बहुतेक वेळा सुटते ते जीवशास्त्र. घरात कोणाच्या मनात वैद्यकीय शिक्षण असेल, तर द्विलक्षीच्या रांगेत उभे राहण्याआधी हे बोलून घ्या.

पाचवी पायरी : अभियांत्रिकीची दोन दारे. पहिल्या वर्षाला यायचे तर बारावीत भौतिकशास्त्र, गणित आणि त्यांच्या जोडीला रसायनशास्त्र किंवा नियमात दिलेल्या यादीतला एखादा तांत्रिक वा व्यवसाय विषय लागतो. या विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के ही किमान अट. शिवाय राज्याच्या कोट्यासाठी एमएचटी-सीईटी किंवा जेईई द्यावी लागते.

थेट दुसऱ्या वर्षाला यायचे तर पदविकेत तेच ४५ आणि ४० टक्के लागतात. सीईटी नसते, पदविकेच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. यंत्र शाखेची पदविका घेतलेल्याला संगणक शाखेसाठीही अर्ज करता येतो. फक्त जागांचा हिशेब लक्षात घ्या: या प्रवेशासाठी मंजूर क्षमतेच्या ठरावीक टक्के जादा जागा असतात आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा त्यांत मिळतात. ज्या कॉलेजात पहिल्याच वर्षी सगळ्या जागा भरतात, तिथे थेट दुसऱ्या वर्षाची स्पर्धा तीव्र असते. आयआयटीत तर बीटेकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशच नसतो. ते स्वप्न असेल तर जेईईची वाट धरावी लागेल.

सहावी पायरी : बी.व्होक.चा विचार. बी.व्होक. म्हणजे कौशल्याधारित पदवी. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, ती २०१४ मध्ये सुरू केली. त्यात ६० टक्के भार कौशल्याला आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाला असतो. एक वर्षाने बाहेर पडल्यास पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका, तिसऱ्या वर्षी पदवी. प्रवेशाला बारावी किंवा तिच्या बरोबरीची पात्रता लागते. ही पूर्ण पदवी आहे, दुय्यम नाही. मात्र पुढे एमएस्सी करायची असेल, तर ते विद्यापीठ बी.व्होक.चा विषय मान्य करते का, हे पहिल्या वर्षीच विचारा. तिसऱ्या वर्षी विचारून उपयोग नसतो.

सातवी पायरी : अर्ज. पदवीची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे एकाच अर्जातून अनेक कॉलेजांचा विचार होणारी पद्धत, राज्याचा सीईटी कक्ष चालवतो. अर्ज भरल्यावर कागदपत्रे तपासली जातात, आणि अडखळणे होते ते इथेच. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आयटीआयच्या प्रमाणपत्रावर आणि आधारवर नावाची स्पेलिंगे तीन तऱ्हांची असतात. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज उशिरा केलेला असतो. नॉन-क्रिमिलेअर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागते, ते आधीच संपलेले असते. पदविकेच्या शेवटच्या वर्षाला केटी राहिली, तर तो विषय सुटेपर्यंत थेट दुसरे वर्ष विसरायचे.

पर्याय भरताना सोय म्हणून जवळचे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका. पहिला पर्याय मिळाला की तो कायम झाला असे धरतात, पुढच्या फेरीत बदल मिळत नाही. ज्या कॉलेजात खरोखर जायचे आहे तेच पहिले लिहा.

आठवी पायरी : प्रवेशानंतरचे गणित. याबद्दल सगळ्यात कमी बोलले जाते. आयटीआयत दोन वर्षे पोलादाच्या तुकड्यावर कानस फिरवून, गुण्या लावून, फटीतून उजेड येतो का हे पाहणारा मुलगा पदविकेच्या दुसऱ्या वर्षात बसतो. पहिल्या वर्षातले विकलन आणि संकलन, म्हणजे डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन, त्याने पाहिलेलेच नसते. शिक्षक ते आलेले आहे असे धरून पुढे जातात. वर्कशॉपात तो वर्गाच्या पुढे असतो, पण फळ्यापुढे अडतो.

पदविकेहून पदवीला आलेल्याचे दुखणे थोडे वेगळे. बहुतेक शाखांत पदविकेचे गणित पहिल्या वर्षातच संपते. दोन वर्षे वही मिटलेली असते आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षात एकदम लाप्लास समोर येतो. हुशारी तीच असते, फक्त सवय मोडलेली असते. म्हणून निकाल आणि वर्ग सुरू होणे यांच्यातले आठवडे गावाला घालवू नका. पहिल्या वर्षाचे गणिताचे पुस्तक कोणाकडून तरी मागून आणा आणि रोज तासभर उदाहरणे सोडवा. कॉलेजात सेतू वर्ग, म्हणजे मागचे भरून काढणारे जादा तास, आहेत का हे प्रवेशाच्या वेळीच विचारा.

शेवटी एकच विनंती. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय लागले त्यावर विसंबू नका, या लेखावरही नको. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतले पात्रतेचे पान छापून घ्या, ते आपल्या गुणपत्रिकांशेजारी ठेवा आणि एकेक ओळ जुळवून टिकमार्क करत जा. एखादी ओळ जुळत नसेल, तर तिचा खुलासा लेखी मिळेपर्यंत फी भरू नका.