ईव्ह काँगार : न बाहेर पडलेला बंडखोर

(लेखांक सातवा)

मागच्या आठवड्यात आपण जॉन हेन्री न्यूमन यांच्याविषयी वाचलं. ते अँग्लिकन चर्च सोडून रोमकडे आले होते. आजचे ईव्ह काँगार मात्र कुठूनही कुठे गेले नाहीत. रोमने त्यांच्या पुस्तकांवर बंधनं घातली, शिकवणं बंद केलं, देशाबाहेर धाडलं. तरी ते डॉमिनिकन संघाचा पांढरा झगा घालून जागेवरच राहिले.

त्यांचा जन्म १९०४चा, ईशान्य फ्रान्समधल्या सेदां गावचा. १९१४ मध्ये जर्मन सैन्य गावात शिरलं आणि त्यांचं कॅथलिक चर्च जळालं. तेव्हा शेजारच्या प्रॉटेस्टंट पाळकांनी आपलं प्रार्थनामंदिर कॅथलिकांना वापरायला दिलं आणि युद्धाची वर्षं मिस्सा तिथंच होत राहिली. दहा वर्षांच्या पोराच्या मनात हे पक्कं बसलं. ख्रिस्ती ऐक्याची ओढ तिथूनच लागली, असं काँगार पुढे सांगत.

ती ओढ त्या काळी महागात पडणारी होती. पोप अकरावे पायस यांनी १९२८ मध्ये कॅथलिकांना आंतरपंथीय ऐक्याच्या बैठकांना जायची मनाई केली होती. दुरावलेल्यांनी रोमकडे परत यावं, एवढाच ऐक्याचा अर्थ. काँगार यांनी १९३७ मध्ये विभागलेल्या ख्रिस्ती लोकांवर पुस्तक लिहून वेगळा सूर लावला. रोमची वक्रदृष्टी तेव्हापासूनची. मग दुसरं महायुद्ध आलं आणि १९४० ते १९४५ ही वर्षं जर्मनांच्या कैदेत गेली; त्यातला काही काळ कोल्डित्झच्या कुप्रसिद्ध किल्ल्यात.

त्यांचं सर्वांत खळबळ उडवणारं पुस्तक १९५०चं, खऱ्या आणि खोट्या सुधारणेवरचं. चर्चमध्ये फूट न पाडता सुधारणा कशी होईल, हा त्यातला प्रश्न. त्यासाठी त्यांनी चार अटी घातल्या. सुधारकाच्या मनात तत्त्वाच्या हट्टाआधी माणसांविषयी प्रेम हवं, त्याने समुदायाशी नातं तोडू नये, उशीर सोसावा, आणि नवं काही बाहेरून आणून चिकटवण्याऐवजी मूळ परंपरेकडे जावं. यातली शेवटची अट खरी स्फोटक. लोक ज्याला सनातन परंपरा म्हणत होते, त्यातलं पुष्कळसं सोळाव्या किंवा एकोणिसाव्या शतकातलं निघायचं. काँगार त्याच्या मागे, पहिल्या शतकांतल्या धर्मपित्यांपर्यंत जात. परंपरेचं नाव घेणाऱ्यांना परंपराच काढून दाखवणारा माणूस कुणाला आवडतो?

१९५२ मध्ये या पुस्तकाच्या भाषांतरांवर बंदी आली. १९५४ मध्ये त्यांना शिकवण्यावरून दूर केलं गेलं आणि जेरुसलेम, रोम, केंब्रिज अशी पाठवणी सुरू झाली. तिसरी अट, उशीर सोसण्याची, आता त्यांच्याच वाट्याला आली. त्यांनी तो सोसला, पण संतासारखा हसतमुखाने नव्हे. मरणोत्तर छापलेल्या त्यांच्या रोजनिशीत रोमच्या अधिकाऱ्यांवरचा राग उघडानागडा आहे. मला तर ही रोजनिशी त्यांच्या काही ग्रंथांपेक्षा जास्त पटते. आज्ञाधारक माणूस आतून शांतच असतो, हा आपला समज ती मोडून काढते.

पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये परिषद बोलावण्याची घोषणा केली आणि पुढच्याच वर्षी तयारीच्या ईशज्ञान समितीत सल्लागार म्हणून काँगार यांचं नाव आलं. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ चालली. चर्च, ऐक्य, मिशनकार्य, धर्मगुरूंचं जीवन अशा अनेक दस्तऐवजांच्या मसुद्यांत त्यांचा हात होता. कुठला भाग आपला, याची नोंदही त्यांनी रोजनिशीत करून ठेवली.

चर्चविषयीच्या दस्तऐवजाची नुसती अनुक्रमणिका पाहिली तरी बदल कळतो. दुसरं प्रकरण देवाच्या प्रजेवर. पोप-बिशपांची अधिकारपरंपरा त्यानंतर, तिसऱ्या प्रकरणात. आधी बाप्तिस्मा झालेला प्रत्येक माणूस, मग त्याची सेवा करणारे अधिकारी. प्रापंचिकांवरच्या १९५३च्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच काँगार यांनी एक जुना किस्सा दिला होता. सामान्य श्रद्धावंताची चर्चमधली जागा कोणती, या प्रश्नावर एका धर्मगुरूने सांगितलं की वेदीपुढे गुडघे टेकायचे आणि प्रवचनपीठासमोर बसायचं. त्यावर एका कार्डिनलने पुस्ती जोडली, तिसरी गोष्ट राहिलीच, पाकिटात हात घालायचा! वसईच्या चर्चमध्ये लॅटिनऐवजी मराठीत मिस्सा होऊ लागली, तीही याच परिषदेनंतर.

मज्जासंस्थेच्या दुखण्याने त्यांचं शरीर हळूहळू लुळं पडत गेलं. तशातही पवित्र आत्म्यावरचा तीन खंडांचा ग्रंथ १९७९-८० मध्ये बाहेर आला. अखेरची वर्षं पॅरिसच्या इन्व्हालिद या लष्करी रुग्णालयात, माजी सैनिक म्हणून गेली. १९९४ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना कार्डिनल केलं तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. ऐंशी उलटलेल्या कार्डिनलला पोपच्या निवडणुकीत मत नसतं, म्हणजे हा निव्वळ सन्मान. आणि फार उशिरा दिलेला, असं म्हणायला हरकत नाही. रोमला जाण्याची ताकद नव्हती, म्हणून कार्डिनल विलेब्रांड्स यांनी पॅरिसला येऊन त्यांना लाल टोपी दिली. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

पुढच्या आठवड्यात आँरी द ल्युबाक. तेही १९५० मध्येच गप्प केले गेले होते, पण त्यांची परिषदेनंतरची वाट जरा वेगळ्या दिशेने गेली.