मत सुरतेत, नाव गावात

7 मे 2024 रोजी आपल्या सुरतेत मोठी गंमत होती. निम्म्या शहरात लोकसभेचं मतदान चालू होतं आणि निम्म्या शहरात नव्हतं. कतारगाम, वराछा, करंज, ओलपाड हा सगळा पट्टा सुरत मतदारसंघात येतो. तिथे 22 एप्रिललाच निकाल लागला होता. काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. उधना, लिंबायत, मजुरा आणि चोर्यासी हे भाग मात्र नवसारी मतदारसंघात मोडतात, त्यामुळे तिथल्या लोकांच्या बोटाला शाई लागली. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. उधना आणि लिंबायत म्हणजे खान्देशातून आलेल्या आपल्या मंडळींची दाट वस्ती. बिनविरोध झालेल्या भागातल्या तरुणाला पहिलं मत देण्याची संधीच मिळाली नाही, आणि लिंबायतच्या गल्लीतली आजी मात्र सकाळी सातला रांगेत उभी होती.

त्या मतदानातून नवसारीत चंद्रकांत रघुनाथ पाटील, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले सी. आर. पाटील, चौथ्यांदा निवडून आले. मताधिक्य होतं सात लाख त्र्याहत्तर हजारांच्या वर. त्यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकाराऊतचा. तरुणपणी ते गुजरात पोलिसात कॉन्स्टेबल होते, 1989 मध्ये भाजपमध्ये गेले, 2009 पासून खासदार आहेत. जुलै 2020 मध्ये ते गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले आणि 2024 मध्ये केंद्रात जलशक्ती मंत्री. त्यांचा पक्ष कुणाला आवडो न आवडो, खान्देशी आडनावाचा माणूस गुजरातच्या सत्ताधारी पक्षाचा प्रमुख होतो, हे आपल्या आजोबांच्या पिढीला कुणी सांगितलं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं.

पण इथे एक हिशेब नीट मांडायला हवा. पावणेआठ लाखांचं मताधिक्य फक्त मराठी मतांवर मिळत नाही. त्यात गुजराती आहेत, कोळी पटेल आहेत, उत्तर भारतीय आहेत, ओडिया आहेत. ‘आपल्या मतांवर आपला माणूस निवडून आला’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकायला गोड लागतं, पण ते अर्धंच खरं आहे. एका भाषेच्या लोकांना एकत्र करून कुणाच्या तरी पाठीशी उभं करायचं म्हणजे नक्की काय करायचं, आणि त्यातून त्या लोकांच्या हाती काय येतं, हे जरा खोलात जाऊन बघण्यासारखं आहे.

सुरत आणि मराठी म्हटलं की बाहेरच्यांना 1664 आठवतं, नाहीतर जून 2022, जेव्हा महाराष्ट्रातले आमदार रातोरात डुमस रोडवरच्या एका हॉटेलात येऊन उतरले होते. आपली सुरत वेगळी. ती ताप्ती व्हॅली रेल्वेच्या रुळांवरून आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरत-उधन्याहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरमार्गे जळगावपर्यंत जाणारी ही लाइन टाकली गेली. या लाइनवरचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. आपल्या घरांचंही तसंच आहे म्हणा. दुष्काळ पडला, शेतात काम नसलं की माणूस गाडीत बसायचा आणि पॉवरलूमवर लागायचा. आधी एकटा, मग भाऊ, मग बायको-मुलं. खोली झाली, खोलीचं घर झालं, पण गावाकडचं घर तसंच राहिलं आणि मतदार यादीतलं नावही बहुतेक वेळा तिथेच राहिलं. इतकी वर्षं इथे राहणाऱ्या एखाद्या बाबांना विचारा, ‘बाबा, तुमचं नाव कुठल्या यादीत?’ उत्तर येतं, ‘मन्हं नाव ते गावमाच शे ना भाऊ!’

गुजरातमध्ये मराठी माणूस निवडून येणं ही काही नवी गोष्ट नाही. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराण्यातले, आणि 1952 ची निवडणूक त्यांनी अहमदाबादमधून जिंकली. पण त्यांना कुणी ‘मराठी उमेदवार’ म्हणून मतं दिली नव्हती. अहमदाबाद नगरपालिकेत आणि स्वातंत्र्यलढ्यात काढलेली वर्षं त्यांच्या गाठीशी होती. सुरतेचं गणित वेगळं आहे, कारण इथे आपण दाट वस्तीने राहतो आणि कामकरी वर्ग आहोत. 2008 च्या फेररचनेत लिंबायत हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला आणि 2012 पासून तिथे संगीता पाटील निवडून येत आहेत. 2022 मध्ये तर तिथे भाजप, काँग्रेस आणि आम आदमी पार्टी या तिघांचेही उमेदवार मराठी होते. एकूण उमेदवार 44. एका मतदान यंत्रावर सोळाच बटणं मावतात, म्हणून तीन यंत्रं शेजारी शेजारी मांडावी लागली.

तिन्ही पक्ष मराठीच नाव देतात तेव्हा ‘आपल्या माणसाला मत द्या’ या हाकेचा अर्थच उरत नाही. तिघेही आपलेच. मग प्रश्न उरतो तो कामाचा.

ही मंडळी मतं गोळा कशी करतात ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, फक्त त्याकडे त्या नजरेनं पाहिलेलं नसतं. श्रावणात कानबाई बसते, तेव्हा दर्शनाला कोण कोण येतं ते आठवा. गणेश मंडळाच्या कमानीवर कुणाचा फोटो असतो? शिवजयंतीच्या मिरवणुकीचा खर्च कोण उचलतो? जानेवारीतल्या हळदीकुंकवाचं वाण कुणाकडून येतं? गावागावाची मंडळं असतात. एकाच तालुक्यातली शे-दोनशे घरं, वर्षातून एक स्नेहसंमेलन, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार. या मंडळाच्या अध्यक्षांना निवडणुकीच्या दोन महिने आधी फोन सुरू होतात. महाराष्ट्रातले मंत्री आणि आमदार सभा घ्यायला येतात, भाषणात एखादं वाक्य अहिराणीत टाकतात आणि टाळ्या घेऊन जातात. हे वरवरचं झालं. खरं काम कागदावर चालतं. मतदार यादीच्या एका पानावर साधारण तीस नावं असतात. सी. आर. पाटील प्रदेशाध्यक्ष असताना गुजरात भाजपने अशा प्रत्येक पानामागे पाच-पाच जणांची ‘पेज समिती’ बांधायला घेतली. त्या पानावरच्याच लोकांनी आपल्या पानावरची तीस नावं सांभाळायची: कोण गावाला गेलं, कोण वारलं, कुणाची सून नवी आली. 2022 मध्ये त्या पक्षाला 182 पैकी 156 जागा मिळाल्या. त्यामागे कारणं अनेक होती, पण तीस नावांचं पान हे भाषणापेक्षा जास्त मतं आणतं, हे विरोधकही नाकारत नाहीत.

मात्र ज्याचं नाव त्या पानावरच नाही, त्याच्या दारात कुणी येत नाही. तो मोजलाच जात नाही.

हीच गोष्ट सातासमुद्रापार, अमेरिकेत, एका निवडणुकीत फार स्पष्ट दिसली होती. तिथे पक्षाचा उमेदवार कोण हे दिल्लीसारख्या ठिकाणी बसलेले श्रेष्ठी ठरवत नाहीत. पक्षाचे मतदारच राज्याराज्यात आधी एक मतदान करून ते ठरवतात. त्याला प्रायमरी म्हणतात. 1968 साली रॉबर्ट केनेडी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे होते आणि कॅलिफोर्नियाची प्रायमरी 4 जूनला होती. तिथल्या द्राक्षमळ्यांत काम करणारे मेक्सिकन वंशाचे मजूर सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांच्या संघटनेत होते. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये चावेझनी पंचवीस दिवसांचा उपास केला होता. गांधीजींचं वाचून केलेला उपास होता तो. तो सुटला तेव्हा केनेडी डेलानो गावात त्यांच्या शेजारी बसले होते. त्यानंतर काही दिवसांतच केनेडींनी उमेदवारी जाहीर केली.

मग मजुरांनी काय केलं? मळ्यातलं काम बाजूला ठेवून ते लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या वस्त्यांमध्ये गेले आणि दारोदार फिरले. आधी नावं नोंदवली, मग मतदानाच्या दिवशी माणसं घराबाहेर काढली. यातल्या अनेकांना स्वतःला मतच नव्हतं, कारण ते अमेरिकेचे नागरिक नव्हते. ज्याला मत आहे त्याच्या दारात ज्याला मत नाही तो जाऊन उभा राहत होता. केनेडी ती प्रायमरी जिंकले. विजयाच्या भाषणात त्यांनी चावेझ आणि वेर्ता यांचे आभार मानले, वेर्ता तेव्हा मंचावर त्यांच्या बाजूलाच होत्या. काही मिनिटांनी त्याच हॉटेलात केनेडींना गोळ्या घातल्या गेल्या. ज्या माणसासाठी इतकं केलं तो माणूसच गेला. पण वस्त्यांमधली नावं यादीत राहिली आणि दारोदार फिरायची सवयही राहिली. चार वर्षांनी त्याच संघटनेनं ‘सी से प्वेदे’, म्हणजे ‘होय, जमेल’ ही घोषणा दिली. 2008 मध्ये ओबामांच्या तोंडी तीच घोषणा इंग्रजीत आली. आणि 2020 मध्ये नेवाडा राज्यात बर्नी सँडर्स यांना जो विजय मिळाला, त्यात लॅटिनो मतदारांचा मोठा वाटा होता.

आपल्याकडे प्रायमरी नाही, तिकीट आहे. समाजाचा जोर दाखवायचा तो तिकीट वाटपाआधी. म्हणून मेळावे निवडणुकीच्या आधी होतात, नंतर नाहीत. तिकीट मिळालं की समाजाचं काम संपतं, असं गृहीत धरलं जातं. मला खटकतं ते हे. चावेझच्या लोकांनी केनेडींना मतं दिली, पण त्या बदल्यात मळ्यातल्या मजुरांना संघटना करण्याचा हक्क हवा, ही मागणी पहिल्यापासून उघड्यावर मांडली होती. आपली मागणी काय आहे? ‘आपला माणूस’ ही मागणी नव्हे.

मागण्या नाहीत असं नाही. सुरत महापालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालवते. देशात अशी शहरं फार नसतील. त्या मराठी वर्गांत शिक्षक किती, पटसंख्या किती, आठवीनंतर मुलगी कुठे जाते, हे प्रश्न कुठल्या सभेत कुणी विचारलेले तुम्ही ऐकलेत? खान्देशाकडे जाणाऱ्या गाड्यांचंही तसंच. उधना-जळगाव मार्गाचं दुहेरीकरण फेब्रुवारी 2019 मध्ये लोकार्पण झालं, पण दिवाळीत आणि आखाजीला जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते ती नसतेच. लूमवर बारा तास उभं राहणाऱ्या माणसाच्या कानाचं आणि फुफ्फुसाचं काय होतं, हे तर कुणाच्या जाहीरनाम्यात येतच नाही.

आता यादीकडे वळू, कारण इथेच आपली गाडी अडते. महाराष्ट्रात निवडणूक लागली की जळगाव, धुळे, नंदुरबारचे उमेदवार सुरतेत येऊन मेळावे घेतात. गावाकडच्या मतदारांना नेण्यासाठी गाड्यांची सोय होते, येण्याजाण्याचा आणि जेवणाचा खर्चही कुणीतरी करतं. गावाला जायला मिळतं, आईवडिलांची भेट होते, म्हणून लोक आनंदाने जातात. त्यात भावना आहे, ती मी नाकारत नाही. पण मतदारांची फुकट ने-आण कायद्यानं गैरप्रकार ठरते, हे सहसा कुणाला माहीत नसतं. आणि काही घरांत नाव दोन्हीकडे असतं. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 17 सांगतं की एका माणसाचं नाव एकापेक्षा जास्त मतदारसंघांच्या यादीत असता कामा नये. नाव नोंदवताना जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंतची कैद होऊ शकते. कलम 19 म्हणतं की जिथे तुम्ही सामान्यतः राहता, तिथेच नाव. आणि कलम 20 तर जणू आपल्यासाठीच लिहिलंय: एखाद्या ठिकाणी तुमच्या मालकीचं घर आहे, एवढ्यावरून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. गावाकडचं कुलूप लावलेलं घर म्हणजे मतदानाचा पत्ता नव्हे.

नोव्हेंबर 2025 मध्ये गुजरातमध्ये मतदार याद्यांची विशेष सखोल तपासणी सुरू झाली, तेव्हा हा प्रश्न घराघरात शिरला. फॉर्ममध्ये 2002 च्या सुमाराच्या जुन्या यादीतलं स्वतःचं किंवा आईवडिलांचं नाव शोधून द्यायचं होतं. सुरतेत जन्मलेली, गुजराती माध्यमात शिकलेली मुलं आजोबांचं नाव पारोळा, शिरपूर, शहाद्याच्या याद्यांत मोबाइलवर शोधत बसली होती. अनेक घरांत आजोबा कुठल्या वाड्यातून, का आणि कधी निघाले, ही गोष्ट त्या निमित्ताने पहिल्यांदा सांगितली गेली.

हे फक्त आपल्याच बाबतीत घडतं असंही नाही. जानेवारी 2021 मध्ये शिवसेनेने मुंबईत गुजराती मतदारांसाठी जलेबी-फाफड्याचा मेळावा घेतला होता. मराठीच्या नावाने उभा राहिलेला पक्ष गुजरातीत मतं मागत होता, तर इथे सुरतेत सगळे पक्ष मराठीत मतं मागतात. मत ज्या भाषेत असेल ती भाषा उमेदवार शिकतो.

तर तरुण मित्रांनो, थोडं कामाचं बोलू. 18 वर्षं पूर्ण होण्यासाठी आता वर्षात चार तारखा धरल्या जातात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. सतरावं वर्ष पूर्ण झालं की आगाऊ अर्ज करता येतो. नव्या नावासाठी फॉर्म 6 असतो. गावाकडून इथे किंवा उधन्याहून डिंडोलीला नाव हलवायचं असेल तर फॉर्म 8 भरायचा. म्हणजे जुनं नाव तसंच ठेवून इथे नवा फॉर्म 6 भरायचा नाही. दोन्हीकडे नावं राहतात ती याच घोळामुळे. अडलं तर 1950 या नंबरवर फोन करा, नाहीतर आपल्या भागातल्या बीएलओला गाठा. बहुतेक वेळा ते जवळच्याच शाळेतले शिक्षक असतात. यंदा गणेशोत्सवात मंडपाच्या एका कोपऱ्यात टेबल टाकून हे फॉर्म भरून द्यायला कुणी तयार असेल तर मंडळाकडे नाव द्या. दोन मुलं, एक लॅपटॉप आणि संध्याकाळचे दोन तास पुरतात. आणि आरतीला उमेदवार आलेच, तर प्रसाद देताना मराठी शाळेतल्या शिक्षकांची संख्या तेवढी विचारून घ्या.