'नो बफर स्पेस अव्हेलेबल' दिसलं तर नवीन मशीन घेण्याआधी हे तपासा

अमरावती असो की अकोला, मोहल्ल्यातली अभ्यासिका, शाळेची कॉम्प्युटर लॅब, कोचिंग क्लास किंवा सायबर कॅफे, सगळीकडे एकाच नेट कनेक्शनवर अनेक कॉम्प्युटर आणि मोबाइल चालतात. खर्च वाचवायचा तर जुन्या कॉम्प्युटरवर पीएफसेन्स टाकून तोच फायरवॉल म्हणून वापरता येतो. पण शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे, लॅब मुलांनी भरली आहे आणि नेमकं तेव्हाच नेट बंद पडलं तर? नेटवाला म्हणतो, लाइन चालू आहे. फायरवॉलच्या स्क्रीनवर ओळ दिसते : 'नो बफर स्पेस अव्हेलेबल'. मग कुणीतरी सांगतं, मशीन जुनं झालं, बदलून टाका. देणगीवर चालणाऱ्या संस्थेला हा खर्च जड जातो आणि अनेकदा त्याची गरजही नसते.

बफर म्हणजे काय?

पीएफसेन्सच्या मुळाशी फ्रीबीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिचा वारसा अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या युनिक्सकडून आलेला आहे. नेटवरून येणारा-जाणारा डेटा ही सिस्टीम मेमरीतल्या छोट्या कप्प्यांत ठेवते. या कप्प्यांना एमबफ म्हणतात. साधा एमबफ २५६ बाइटचा असतो आणि मोठ्या डेटासाठी २,०४८ बाइटचे क्लस्टर असतात. एकूण किती क्लस्टर वापरायचे, याला मर्यादा घातलेली असते.

आपल्या वऱ्हाडातलं उदाहरण घ्या. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात जागा असेल तोवर गाड्या आत येतात. आवार भरलं की गेट बंद. पण आवार भरण्याची कारणं वेगवेगळी असतात. कधी ते खरंच लहान पडतं, तर कधी रिकाम्या झालेल्या गाड्या बाहेरच निघत नाहीत. आणि कधी आवारात जागा असते, फक्त बाहेरचा रस्ता अडलेला असतो. नेटचंही असंच आहे. तिन्ही वेळा तोच संदेश दिसू शकतो, उपाय मात्र वेगळे.

आधी पाहा, मग रीस्टार्ट करा

नेट बंद पडलं की आपण पहिल्यांदा मशीन बंद करून चालू करतो. नेट चालूही होतं, पण आतले आकडे शून्यावर जातात आणि पुरावाच पुसला जातो. म्हणून आधी फायरवॉलला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडा, 'नेटस्टॅट -एम' ही कमांड द्या आणि स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा.

त्यात क्लस्टरच्या ओळीत चार आकडे दिसतात : सध्या वापरात असलेले, राखीव, एकूण आणि कमाल मर्यादा. खाली 'डिनाइड' म्हणजे नाकारलेल्या मागण्यांची ओळ असते. तिथे शून्य असायला हवं.

१) एकूण आकडा कमाल मर्यादेला टेकला आहे आणि नाकारलेल्या मागण्या वाढत आहेत : आवार लहान पडलं. 'कर्न.आयपीसी.एनएमबीक्लस्टर्स' ही सेटिंग वाढवायची. १ लाख क्लस्टर पूर्ण भरले तर साधारण २०० एमबी मेमरी लागते, १० लाखांना २ जीबी. मशीनमध्ये रॅमच २ जीबी असेल तर १० लाखांचा आकडा टाकू नका.

२) रात्री लॅब रिकामी असतानाही वापरातला आकडा दिवसेंदिवस चढतोच आहे : कप्पे परत मिळत नाहीत. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर किंवा एखादा प्रोग्राम अडकलेला असू शकतो. मर्यादा वाढवली तर बिघाड फक्त पुढे ढकलला जातो. सिस्टीम अपडेट करा, नाही जमलं तर कार्ड बदलून पाहा.

३) नाकारलेल्या मागण्या शून्य आहेत, तरी पिंग केल्यावर तोच संदेश येतो : बाहेरचा रस्ता अडला आहे. केबल, मोडेम आणि पोर्ट तपासा. 'नेटस्टॅट -आय' कमांडने कोणत्या पोर्टवर चुका वाढताहेत ते दिसतं. स्पीड वाटून देण्याची सेटिंग लावली असेल तर तीही पाहा.

नवीन मशीनने त्रास वाढूही शकतो

अनेक पोर्टांची काही नेटवर्क कार्डं प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरसाठी वेगळी रांग तयार करतात आणि प्रत्येक रांग काही क्लस्टर आधीच अडवून ठेवते. म्हणजे कोअर जास्त, पोर्ट जास्त, तर क्लस्टरची गरजही जास्त. मर्यादा जुनीच राहिली तर महागडं मशीनही अडकतं.

नीट सेटिंग केली तर हीच सिस्टीम किती भार पेलते? व्हॉट्सॲपने जानेवारी २०१२ मध्ये जाहीर केलं होतं की, फ्रीबीएसडीच्या एका सर्व्हरवर त्यांनी एकाच वेळी २० लाखांहून जास्त कनेक्शन चालवली. त्यांचा सर्व्हर मोठा होता हे खरं, पण तिथेही मशीनसोबत सेटिंगवर मेहनत घ्यावी लागली होती.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर तिथे एमबफ नसतात. तिथे 'नेटस्टॅट -एस' मध्ये बफरच्या चुका पाहायच्या.

संस्थाचालकांना आमचं सांगणं एवढंच : पीएफसेन्सच्या डॅशबोर्डवर एमबफचा वापर टक्क्यांत दिसतो. आठवड्यातून एकदा तो वहीत लिहून ठेवा. फॉर्मच्या दिवसांत रोज लिहा. टेक्निशियनने मशीन बदलायला सांगितलं तर त्याला वही आणि तो फोटो दाखवा आणि तीनपैकी कोणतं कारण आहे, ते विचारा. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय देणगीचा पैसा खर्च करू नका.