मोत माउलीच्या वाटेवर

सप्टेंबरच्या जत्रेत वांद्र्याचा डोंगर चढताना मेणाचा वास येऊ लागतो. रस्त्याकडेला मांडलेल्या मेणाच्या वस्तूंत हात असतात, पाय असतात, तान्हं बाळ असतं, छोटंसं घरही असतं. ज्याचं जे दुखणं, ज्याची जी मागणी, ती मेणात विकत घ्यायची आणि मारियामातेपुढे वाहायची. 8 सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारी सुरू होणारी जत्रा आठवडाभर चालते आणि नवस फेडायला सगळ्या धर्मांची माणसं येतात.

डोंगरावरच्या बॅसिलिकेचं नाव माउंट मेरी. कोळ्यांच्या तोंडी ती 'मोत माउली' झाली. पुढे अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावात तिचीच 'मतमाउली' झाली. ज्या भाषेत ज्ञानोबा माउली आहेत, तिथे मारियेला याहून जवळचं नाव कुठलं मिळणार?

कॅथलिक माणूस धर्म पुस्तकातून शिकतोच, पण त्याआधी तो शिकतो वर्षाच्या फेऱ्यातून. चर्चचं हे वर्ष सुरू होतं नाताळाआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळाने. राखेच्या बुधवारी फादर कपाळावर राख लावतात आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागतो. त्या दिवसांत लग्नं सहसा होत नाहीत. म्हणून नाताळ सरला की लग्नघरांची धांदल उडते. मुंबईचे ईस्ट इंडियन कॅथलिक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' साजरा करतात. नव्या भाताची कणसं आशीर्वादासाठी चर्चमध्ये येतात. नाव लॅटिनमधून आलेलं, शेत या अर्थाच्या शब्दावरून. भात मात्र इथल्याच मातीतलं. मुंबईतली शेतं इमारतींखाली गेली, तरी हा सण मोडला नाही, याचं मोल मोठं आहे.

लग्नाविषयी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. लॅटिन परंपरेतल्या कॅथलिक शिकवणीनुसार लग्न फादर लावत नाहीत. वधू-वर वचन देऊन एकमेकांना हा संस्कार देतात. फादर चर्चच्या वतीने ते वचन ऐकून घेतात, आणि सोबत दोन साक्षीदार लागतात. त्याआधी चर्चमध्ये लग्नाची जाहीर घोषणा होते. कुणाला रास्त हरकत असेल, तर ती सांगायला वाव राहावा म्हणून. वचन मनापासून आणि मोकळेपणाने दिलेलं नसेल, तर लग्न झालंच नाही, असं चर्चचा कायदा मानतो. दबावाखाली बोहल्यावर चढवलेल्या मुलीच्या बाजूने उभा राहणारा हा नियम आहे.

आणि या लॅटिन विधीच्या उंबरठ्यावर उभं असतं उंबराचं झाड! ईस्ट इंडियन घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी 'उमराचं पाणी' आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात. त्या पाण्याने न्हाऊन वधू किंवा वर दुसऱ्या दिवशी चर्चची पायरी चढतात. गोव्यात याच सुमारास नारळाचा 'रोस' अंगाला लावतात. फादरांच्या पुस्तकात यातलं काही नाही. आजी-आत्यांनी ते जपलं.

यात्रेतही अशीच इथल्या मातीची रीत दिसते. 3 डिसेंबरला, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाला, सिंधुदुर्ग आणि बेळगावकडून भाविक पायी जुन्या गोव्यात पोचतात. झेवियर 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. जुन्या गोव्यात जपलेले त्यांचे पवित्र अवशेष दर दहा वर्षांनी दर्शनासाठी खाली आणतात. गेल्या खेपेला 21 नोव्हेंबर 2024 पासून 5 जानेवारी 2025 पर्यंत ते तसे ठेवले होते.

मराठी वाचकाला ख्रिस्ती शेजारी बहुधा नाताळच्या केकपुरताच ठाऊक असतो. येत्या सप्टेंबरात एक रविवार काढा आणि वांद्र्याला जा, नाहीतर हरेगावला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे. हरेगावात आज ती मराठीत ऐकायला मिळते.