गेल्या सालची गाडी की चालू सालची?

एके काळी चारचाकी गाडी ही सरकारी साहेबांची, कारखानदारांची आणि मोठ्या व्यापाऱ्यांची वस्तू समजली जात असे. आज चित्र पालटले आहे. आपल्या वसमत परिसरात शिक्षक, बँक कर्मचारी, एस.टी.तून निवृत्त झालेले बांधव, हळद-ऊस पिकविणारे शेतकरी आणि छोटे व्यावसायिक यांच्या दारात गाडी दिसू लागली आहे. यांतील पुष्कळ घरांत ही कुटुंबाची पहिलीच गाडी असते. घरात यापूर्वी कोणी गाडी घेतलेली नसल्याने विचारावे कोणाला, हा प्रश्न असतो. मग शोरूममधील विक्रेता सांगेल तेच खरे मानावे लागते.

नांदेड किंवा परभणीच्या शोरूममध्ये गेल्यावर, विशेषतः डिसेंबर ते मार्च या काळात, एक प्रस्ताव हमखास पुढे येतो : "साहेब, मागच्या सालचे मॉडेल घ्या, पन्नास हजार कमी करतो. गाडी तीच, नवी कोरी." हा प्रस्ताव स्वीकारावा की नाकारावा? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार आम्ही करणार आहोत. कोणत्या कंपनीची गाडी घ्यावी हे सांगण्याचा आमचा हेतू नाही. निर्णय कसा करावा, एवढेच सांगावयाचे आहे.

'मॉडेल' म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे 'मॉडेल' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

पहिला अर्थ उत्पादनाच्या सालाचा. 'चोवीसचे मॉडेल' म्हणजे २०२४ साली कारखान्यात तयार झालेली गाडी. दुसरा अर्थ गाडीच्या रचनेचा. कंपनीने इंजिन, सांगाडा, सुरक्षेची साधने बदलून त्याच नावाची नवी गाडी बाजारात आणली की आधीची ती 'जुने मॉडेल' ठरते.

अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने आल्फ्रेड स्लोन यांच्या काळात, १९२० च्या दशकात, दरवर्षी गाडीचे रूप बदलण्याची पद्धत रूढ केली. तेथे पुढच्या सालाचे मॉडेल आदल्या शरद ऋतूतच विक्रीला येते. आपल्याकडे अशी पद्धत नाही. अ‍ॅम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच रूपात निघत राहिल्या. गाडीसाठी नंबर लावून वाट पाहावी लागत असे, तेव्हा सालाचा प्रश्न विचारतो कोण? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला. त्यानंतर हळूहळू निवड करण्याची संधी ग्राहकाला मिळाली आणि त्याबरोबर हा प्रश्नही आला.

आपल्याकडे साल मोजले जाते ते कॅलेंडरप्रमाणे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी तयार झालेली गाडी आणि १ जानेवारी २०२५ रोजी तयार झालेली गाडी यांत एका दिवसाचे अंतर आहे. परंतु जुन्या गाड्यांच्या बाजारात पहिली दुसरीपेक्षा एक वर्षाने जुनी समजली जाते. आर.सी. बुकावर उत्पादनाचा महिना व साल दोन्ही छापलेले असतात आणि गाडी विकताना गिऱ्हाईक प्रथम तेच पाहते.

सवलत का मिळते?

वसमतच्या मोंढ्यात हळद आणणाऱ्या शेतकऱ्याला जुन्या मालाचे गणित समजावून सांगण्याची गरज नाही. हळद घरात राखून ठेवता येते आणि भाव चढला तर वर्षभर राखलेला मालही फायदा देऊन जातो. गाडीचे मात्र तसे नाही. डीलरने गाडी कंपनीकडून पैसे मोजून, बहुधा कर्ज काढून आणलेली असते. ती उभी राहिली की व्याज चढते, आणि साल बदलताच तिचा भाव उतरतो. तो चढण्याची आशा नसते. म्हणून डिसेंबरपासून सवलती सुरू होतात आणि शिल्लक माल संपेपर्यंत चालतात.

येथे एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात घ्यावी. दसरा-दिवाळी, पाडवा या दिवसांत गिऱ्हाइकांची गर्दी असते, त्यामुळे घासाघीस करायला वाव कमी. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुहूर्त पाहण्याची पद्धत राहिलेली नाही. ज्याला मुहूर्ताची घाई नाही, त्याला गर्दी ओसरल्यावर शांतपणे भाव करता येतो. हा फायदा अवश्य घ्यावा.

सवलत कशाच्या तुलनेत?

पन्नास हजार कमी, पण कोणत्या किमतीतून कमी? याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जी.एस.टी. कमी झाला. चार मीटरच्या आतील लांबीच्या आणि १२०० सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल गाडीवर त्यापूर्वी २८ टक्के कर व १ टक्का उपकर, मिळून २९ टक्के द्यावे लागत. ते १८ टक्के झाले. गाडीची करापूर्वीची किंमत ६,२०,००० रुपये धरली तर जुन्या कराने ती ७,९९,८०० रुपयांना पडे, नव्या कराने ७,३१,६०० रुपयांना. म्हणजे ६८,२०० रुपयांचा फरक केवळ कराचा झाला. एखाद्याने जुनी किंमत दाखवून 'साठ हजार सूट' असे सांगितले, तर ती सूट नसून शासनाने कमी केलेला कर असतो आणि तो चालू सालच्या गाडीलाही लागू असतो.

म्हणून तुलना नेहमी आजच्या दोन कोटेशनांची करावी. एकाच दिवशी, त्याच प्रकारच्या गाडीचे, गेल्या सालचे व चालू सालचे अशी दोन ऑन-रोड कोटेशने लेखी मागावीत. चालू सालच्या गाडीवरही थोडीफार सवलत असतेच. या दोन आकड्यांतील वजाबाकी हीच खरी सवलत होय.

हिशेब : गाडी किती वर्षे वापरणार?

या प्रश्नावर सारा निर्णय अवलंबून आहे. आकडे केवळ उदाहरणादाखल घेऊन हिशेब पाहू.

समजा, चालू सालच्या गाडीची किंमत ८,००,००० रुपये असून तिच्यावर १५,००० रुपये सूट आहे. गेल्या सालच्या गाडीवर ५०,००० रुपये सूट आहे. खरा फरक ३५,००० रुपयांचा.

(अ) तीन वर्षांनी विकल्यास : चालू सालची गाडी ५,६०,००० रुपयांना आणि गेल्या सालची, एक वर्ष जुनी म्हणून, ५,००,००० रुपयांना गेली असे धरू. विकताना ६०,००० रुपये कमी आले. घेताना वाचले ३५,०००. म्हणजे २५,००० रुपयांचा तोटा.

(ब) दहा वर्षांनी विकल्यास : तेव्हा दोन्ही गाड्या जुन्याच. एका वर्षाच्या फरकाला फारशी किंमत उरत नाही. एक २,००,००० रुपयांना व दुसरी १,८०,००० रुपयांना गेली, तर फरक २०,००० रुपये. घेताना ३५,००० वाचले होते. म्हणजे १५,००० रुपयांचा फायदा.

गाडी कर्जावर घेतली असेल तर वाचलेल्या रकमेवरचे व्याजही वाचते. ३५,००० रुपयांवर ९ टक्के दराने पाच वर्षांच्या हप्त्यांत सुमारे ८,६०० रुपये व्याज होते. तेही हिशेबात धरावे.

तात्पर्य असे की, जो गाडी पुरती वापरणार, दहा-बारा वर्षे मोडीत निघेपर्यंत चालविणार, त्याला गेल्या सालची गाडी परवडते. जो तीन-चार वर्षांत बदलणार, त्याने चालू सालची घ्यावी, किंवा सवलत तेवढी मोठी मिळाली तरच गेल्या सालची घ्यावी. भाड्याने चालविण्यासाठी गाडी घेणाऱ्याचे किलोमीटर इतके होतात की पुढे तिची किंमत सालापेक्षा धावण्यावर ठरते. त्यालाही जुन्या सालाचे भय बाळगण्याचे कारण नाही.

गाडीच बदलली असेल तर

वरील हिशेब दोन्ही गाड्या एकसारख्या असतील तरच लागू पडतो. मधल्या काळात रचनाच बदलली असेल, तर तुलना निराळी होते.

मारुतीच्या डिझायरचे उदाहरण घ्या. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी तिची नवी आवृत्ती बाजारात आली. इंजिन चारऐवजी तीन सिलिंडरचे आले आणि सर्व प्रकारांत सहा एअरबॅग मिळू लागल्या. ग्लोबल एन-कॅप या संस्थेच्या चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तिला पाच तारे मिळाले. आधीच्या डिझायरमध्ये दोन एअरबॅग होत्या. त्या डिसेंबरात जुनी डिझायर स्वस्तात घ्यावी की नवी, हा प्रश्न केवळ सालाचा नव्हता. रात्री-बेरात्री दवाखान्यासाठी नांदेड गाठताना मागच्या सीटवर बसलेल्या मुलाबाळांच्या सुरक्षेचा होता. असा फरक पुढील विक्रीच्या किमतीत मोजता येत नाही. तेथे आम्ही नव्या रचनेच्या बाजूने मत देऊ.

कायदा बदलतो तेव्हाही सावध राहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून बी.एस. ३ वाहनांची विक्री बंद झाली. शेवटच्या दोन दिवसांत दुचाक्यांवर हजारो रुपयांची सूट देऊन माल खपविण्यात आला. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ४ वाहनांच्या बाबतीतही तोच प्रकार घडला आणि लॉकडाउनमुळे ज्यांची नोंदणी अडकली, त्यांना मोठा मनस्ताप झाला. अचानक मोठी सूट दिसली की 'कोणता नियम बदलणार आहे?' हा प्रश्न प्रथम विचारावा. नोंदणी होऊन नंबर हाती येईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे समजू नये.

विम्याचे कलम

गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर विमा कंपनी जी कमाल रक्कम देते तिला आय.डी.व्ही. म्हणतात. मोटार विम्याच्या दरपत्रकानुसार सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के आणि एक ते दोन वर्षे २० टक्के घसारा धरला जातो. आठ लाखांच्या गाडीला ५ टक्के घसारा धरल्यास आय.डी.व्ही. ७,६०,००० रुपये येते, १५ टक्के धरल्यास ६,८०,०००. फरक ८०,००० रुपयांचा. गेल्या सालच्या गाडीला कोणता दर लावला, हे पॉलिसीवर पाहून घ्यावे. पुढे पश्चात्ताप करून उपयोग नाही.

पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे?

१. चेसिस नंबर : हा सतरा अंक-अक्षरांचा असतो. बहुतेक कंपन्यांत डावीकडून दहावे अक्षर सालाचे असते. पी म्हणजे २०२३, आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. महिन्याची खूण कंपनीनुसार वेगवेगळ्या जागी असते, ती विचारून घ्यावी.

२. टायर : बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. गाडी त्याच सुमारास तयार झालेली असावी, असा अंदाज येतो.

३. उभ्या गाडीचे दोष : मराठवाड्याच्या उन्हात महिनोन्‌महिने उघड्यावर उभी राहिलेली गाडी धावली नसली तरी झिजते. बॅटरी उतरते, रबर कडक होते, टायर एका जागी दबतात, उंदीर वायरी कुरतडतात. बॅटरी नवी बसवून मागावी. शंका आली तर ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्यावे.

४. लेखी नोंद : उत्पादनाचा महिना व साल कोटेशनवर लिहून घ्यावे. नोंदणीच्या अर्जावर, विम्याच्या कागदावर आणि बिलावरील चेसिस नंबराशी ते जुळते का, हे पाहावे. वॉरंटी सर्वसाधारणपणे विक्रीच्या तारखेपासून सुरू होते. तेही लिहून घ्यावे.

आपला हक्क

गेल्या सालची गाडी तसे सांगून, सवलत देऊन विकणे यात गैर काही नाही. पण ती चालू सालची म्हणून गळ्यात मारणे ही फसवणूक आहे. जुना माल नवा भासवून विकणे ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरते. १९८६ च्या कायद्यात ही तरतूद होती, २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्यातही आहे. नव्या कायद्याने आणखी एक सोय केली. गाडी दुसऱ्या जिल्ह्यात घेतलेली असली तरी ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करूनही मार्गदर्शन मिळते. मात्र हातात कागद असेल तरच हक्काला बळ येते.

शेवटी विद्यार्थी मित्रांना एक विनंती. वरील हिशेबात टक्केवारी, वजाबाकी आणि व्याज यांपलीकडे काही नाही, आणि ते तुम्ही शाळेत शिकला आहात. घरात गाडी घेण्याचे ठरेल तेव्हा वडिलांबरोबर शोरूममध्ये जा. दोन कोटेशने मागा, चेसिस नंबराचे दहावे अक्षर वाचा आणि 'आपण ही गाडी किती वर्षे वापरणार?' हा प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारा. ज्या घरात असा हिशेब मांडला जातो, तेथे कष्टाचा पैसा सहसा वाया जात नाही.